श्रद्धा आपली, पाठ कोणाची?

॥ श्री गुरवे नमः ॥



२०२५ च्या जूनमध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून आपल्या फॅमिली ग्रुपांवर कैलासाचे फोटो, व्हिडिओ आणि सामानाच्या याद्या फिरत असतात. थर्मल किती न्यायचे, थेपले किती दिवस टिकतात, खाखऱ्याचा चुरा होऊ नये म्हणून डबा कुठला घ्यावा, कापूर हुंगल्याने श्वासाला बरं वाटतं का, असं सगळं त्या याद्यांत असतं. एक प्रश्न मात्र कुठल्याच यादीत दिसला नाही. हे सगळं उचलणार कोण? आणि वेळ आली तर आपल्याला उचलणार कोण?

आम्ही सेवेकरी बहिणी गेले दोन महिने याच प्रश्नावर बोलतो आहोत. कधी केंद्रात भाजी निवडताना, कधी उधन्याहून डिंडोलीला परतताना रिक्षात. प्रश्न साधाच वाटतो, पण हात लावला की खोल जातो. आपली श्रद्धा आपल्याला जिथवर नेते, तिथवर दुसऱ्या माणसाच्या पाठीवर बसून जायचा हक्क आपल्याला आहे का?

आधी जागा समजून घेऊ. आपलं सुरत तापीच्या मुखाजवळ, जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. आपण इथे श्वास घेतो तेव्हा त्याचा विचारही करत नाही. मानसरोवर सुमारे ४,६०० मीटर उंचीवर आहे. कैलासाची परिक्रमा साधारण ५२ किलोमीटरची, आपले लोक ती तीन दिवसांत करतात, आणि दुसऱ्या दिवशी जी डोल्मा-ला खिंड ओलांडावी लागते ती ५,६०० मीटरच्याही वर. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. म्हणजे छाती तेवढीच फुगते, पण आत जाणारा प्राणवायू अर्धा. जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाने ही गोष्ट नीट डोळ्यांसमोर आणावी.

हा डोंगर फक्त आपला नाही, हेही सुरुवातीलाच सांगायला हवं. आपल्यासाठी ते शिवाचं स्थान. आपल्या शेजारच्या जैन कुटुंबांसाठी ते अष्टापद, ऋषभदेवांची निर्वाणभूमी. तिबेटी बौद्ध त्याला कांग रिन्पोछे म्हणतात, म्हणजे हिमातलं अनमोल रत्न. तिबेटातला जुना बोन धर्म मानणारे लोक त्याच वाटेवर उलट्या दिशेने परिक्रमा करतात. तिकडे परिक्रमेला कोरा म्हणतात. धट्टेकट्टे तिबेटी यात्रेकरू पहाटे अंधारात निघून एका दिवसात कोरा पुरी करतात. काही जण दंडवत घालत घालत करतात, त्यांना आठवडे लागतात. तिथल्या म्हाताऱ्या आजी हातात जपाचं चक्र फिरवत आपल्याला मागे टाकून पुढे जातात, असं जाऊन आलेले सगळे सांगतात. त्या हवेत जन्मलेल्या माणसांच्या पाहुण्या म्हणून आपण तिथे जातो.

आता सामानाकडे आणि माणसांकडे वळू. लिपुलेखच्या वाटेवर भारताच्या बाजूला आता रस्ता झाल्यामुळे पायी चालणं बरंच कमी झालं आहे. खरी पायपीट परिक्रमेची. तिथे आपल्यासाठी पोनी असतो, पोनीबरोबर पोनीवाला असतो, पिशवी घ्यायला पोर्टर असतो, तंबू-शिधा वाहायला याक असतात. वाट दाखवणारा, वेळ सांभाळणारा, आपला चेहरा बघून तब्येत ओळखणारा गाइड असतो. आपण तीन दिवस ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत चालतो तेव्हा ही सगळी माणसं आपल्या मागेपुढे चालत असतात. फोटोत मात्र ती क्वचितच येतात.

आमच्या चर्चेला तोंड फुटलं ते एका गुरुभगिनीमुळे. वय बासष्ट. भिशीतून, शिवणकामातून थोडेथोडे करत त्यांनी नऊ वर्षं पैसे बाजूला ठेवले होते, ते फक्त कैलासासाठी. सरकारी यात्रेच्या नियमांत उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांना परवानगी नाही. वय १८ ते ७० आणि बीएमआय २५ किंवा त्याहून कमी लागतो. दिल्लीत तपासणी होते, वाटेत उंचीवर पुन्हा होते. म्हणून त्यांनी नेपाळमार्गे खासगी टूरने जायचं ठरवलं. त्या टूरच्या फॉर्ममध्येही एक रकाना होता: चालू असलेली औषधं. ताईंना सहा वर्षांपासून बीपीची गोळी आहे. ती लिहायची की नाही?

केंद्रात मतं पडली. एक जण म्हणाल्या, “लिहू नका हो, उगाच नाव कापतील. नऊ वर्षं थांबलात.” दुसऱ्या म्हणाल्या, “महाराज पाठीशी आहेत. त्यांच्या नावावर निघालेल्याला काय होणार?” तिसऱ्या म्हणाल्या, “आणि झालंच काही, तर कैलासावर देह ठेवायला भाग्य लागतं.” ही तिन्ही वाक्यं आपल्या घराघरांत बोलली जातात. बोलणाऱ्यांचं मन वाईट नसतं. म्हणून ती झटकून न टाकता एकेक तपासून पाहू.

महाराज पाठीशी आहेत, हे खरं. त्यावर आपल्यापैकी कोणाचीच शंका नाही. पण डोल्मा-लाच्या चढावर आपल्या पाठीशी आणखीही एक जण चालत असतो, तो तिथला पोनीवाला. ताईंना तिथे चक्कर आली, तर धावून येणारा पहिला हात त्याचा असणार. त्यांना खाली न्यायचं ठरलं तर संध्याकाळच्या वाऱ्यात, बर्फाळ दगडांवरून, अंधार पडेपर्यंत तो चालणार. गाइड त्यांच्याबरोबर खाली गेला तर बाकीचे लोक गाइडविना राहणार. म्हणजे फॉर्मवरच्या त्या एका कोऱ्या रकान्याची किंमत ताई एकट्या देणार नाहीत. न विचारता ती दुसऱ्यांकडून वसूल होणार.

सरकारी यात्रेत यात्रेकरूकडून एक संमतीपत्र लिहून घेतात. चीनच्या हद्दीत मृत्यू आला तर अंत्यसंस्कार तिथेच करायला माझी हरकत नाही, असं ते पत्र. ते वाचून घरच्यांच्या पोटात गोळा येतो, पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे. माणूस स्वतःच्या देहाबद्दल स्वतः सही करतो. ‘कैलासावर देह ठेवायला भाग्य लागतं’ असं म्हणणाऱ्याने तशी सही खुशाल करावी. तिबेटी लोकही कोराच्या वाटेवर आलेलं मरण शुभ मानतात. पण आपण फक्त आपल्या देहाची सही करू शकतो. पोनीवाल्याच्या देहाची सही आपल्याला करता येत नाही, आणि आजार लपवणं म्हणजे थोड्या प्रमाणात तेच करणं. त्या म्हाताऱ्या तिबेटी आजीचं आणि आपलं अंतर इथे आहे. ती स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या श्वासावर जाते. आपण जातो ते माणसांच्या एका अख्ख्या साखळीवर भार टाकून.

यावर लगेच उत्तर येतं, “पण आपण पैसे देतो ना!”

हे उत्तर आपल्या सुरतेला चांगलं कळतं. रिंगरोडच्या टेक्सटाइल मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं पाठीवर घेऊन जाणारी माणसं आपण रोज बघतो. त्यांतले कितीतरी आपल्याच खानदेशचे आहेत, कोणी आपल्याच घरचे आहेत. तिथे हिशेब सरळ असतो, इतकी पार्सलं, इतके रुपये. गिरनारला दत्तपादुकांच्या दर्शनाला आपण जातो. दहा हजार पायऱ्या आहेत. रोपवे २०२० साली झाला, पण तो अंबाजीपर्यंतच, पुढे पायऱ्या उरतातच. तिथे डोलीत बसणाऱ्याचं आधी वजन करतात आणि वजनावर भाडं ठरतं. काही लोकांना त्याची लाज वाटते. आम्हाला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. उलट, किती भार आपण दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो आहोत हे काट्यावर एकदा डोळ्यांनी बघणं चांगलंच.

मजुरीने श्रमाची फेड होते, हे मान्य. व्यवहार चोख असेल तर कमीपणा कोणालाच नाही. काही जण म्हणतात, मग पोर्टर घेऊच नये, आपलं ओझं आपण वाहावं. ऐकायला छान वाटतं. पण त्या उंचीवरच्या गावांत हंगाम चार महिन्यांचा. त्या कमाईवर त्यांचं वर्ष निघतं, मुलं शिकतात. आपण फुशारकीने पिशवी पाठीवर घेतली आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडलो, तर त्याची मजुरीही बुडाली आणि त्रासही त्यालाच झाला. मदत न घेण्यातही अहंकार असू शकतो. तेव्हा पोर्टर घ्यावा, पोनी घ्यावा, आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावे.

पण मजुरी श्रमाची असते. जोखमीची मजुरी कोण ठरवतं? आपल्या हट्टामुळे जी जादा जोखीम त्याच्यावर येते, ती तर ठरलेल्या भाड्यात कधीच धरलेली नव्हती. पार्सल वाहणाऱ्याला आपण सांगितलं की पोटल्यात साड्या आहेत आणि आत लोखंड भरलं, तर त्याला आपण फसवणूकच म्हणू. आजार लपवून पोनीवर बसणं यापेक्षा फारसं वेगळं नाही.

या वाटेचा इतिहासही हेच सांगतो. १८ ऑगस्ट १९९८ च्या रात्री पिथोरागढ जिल्ह्यातल्या मालपा गावावर दरड कोसळली. दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यांत कैलासाचे सुमारे ६० यात्रेकरू होते. नृत्यांगना प्रोतिमा बेदी त्याच तुकडीत होत्या, म्हणून मालपा म्हटलं की अजूनही त्यांचं नाव निघतं. उरलेल्यांत गावकरी होते, पोर्टर आणि घोडेवाले होते, यात्रेच्या व्यवस्थेतले कर्मचारी आणि जवान होते. त्यांच्यातलं एक तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? आम्ही केंद्रात विचारून पाहिलं. कोणालाच नव्हतं.

एव्हरेस्टवरही तेच. १८ एप्रिल २०१४ ला खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले, त्यांतले बहुतेक शेर्पा. शेर्पा ही मुळात तिबेटकडून आलेली जमात आहे, ‘शेर’ म्हणजे पूर्व आणि ‘पा’ म्हणजे लोक. आपण मात्र त्या शब्दाचा अर्थ ‘ओझं वाहणारा’ असाच करून टाकला आहे. ते सोळा जण स्वतः शिखरावर जायला निघालेले नव्हते. दुसऱ्यांना शिखर गाठता यावं म्हणून ते सामान आणि दोर वर पोचवत होते. त्या वर्षी त्यांच्या सोबत्यांनी पुढे चढायला नकार दिला आणि नेपाळच्या बाजूचा हंगाम जवळजवळ थांबला. सोळा माणसं गेल्यावर ‘माझं शिखर राहिलं’ असं ज्याच्या मनात येतं, त्याने आपण डोंगरावर काय शोधायला आलो होतो हे स्वतःला विचारायला हवं.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त जिव्हारी लागणारा. “परिक्रमा अर्धी राहिली तर?” यमद्वारापासून परत आलेली माणसं आपल्या ओळखीत आहेत. ती वर्षानुवर्षं मान खाली घालून सांगतात, “आमच्या नशिबात नव्हतं.” घरातले लोकही नकळत डिवचतात, “एवढे पैसे घातले आणि दारातून परत आलात?” गाइडने ‘खाली चला’ म्हटल्यावर माणसं जी हुज्जत घालतात, तिच्या मागे हीच भीती असते.

डोंगरावरच्या आजाराचं शास्त्र सोपं आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, मधे विश्रांतीचा दिवस घ्यावा. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, हे सुरुवातीचं. मग चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ झाला, बसल्या जागी धाप लागली, तर त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. प्राणवायूच्या नळीने आणि गोळ्यांनी वेळ मिळतो, पण उतरावं लागतंच. गंमत म्हणजे या आजारात बुद्धीच आधी मंदावते. ‘मी ठीक आहे’ असं सर्वांत ठासून सांगणारा माणूस कधीकधी सर्वांत आजारी असतो. म्हणून त्या उंचीवर आपला निर्णय दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. गाइडचं ऐकणं ही तिथे शरणागती आहे. आपण गुरूंपुढे शरण जायला शिकलो आहोत, तर हे आपल्याला इतरांपेक्षा सोपं जायला हवं.

आणि अर्धी यात्रा म्हणजे काय, हे आपल्या परंपरेने फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. नाथमहाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं. त्यांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. बरोबरच्या लोकांना हळहळ वाटली, इतक्या कोसांचे कष्ट वाया गेले म्हणून. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच पावला. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि मुलांना सांगतो. पण गाढवाला पाणी पाजणं आणि पोनीवाल्याला अंधारात अडकवू नये म्हणून खिंडीखालून परत फिरणं, यांत तत्त्व एकच आहे, हे डोल्मा-लाच्या चढावर आठवलं तर ती गोष्ट आपल्याला कळली.

नाथांच्याच घरची दुसरी गोष्ट. श्रीखंड्या नावाचा एक गडी बारा वर्षं त्यांच्याकडे कावडीने पाणी भरत राहिला, आणि तो कोण होता हे तो निघून गेल्यावर कळलं. पैठणला तो रांजण आजही दाखवतात. आपल्या देवाने विटेवर उभं राहून पूजा घेतली, तशीच खांद्यावर कावड घेऊन हमालीही केली. असा देव ज्यांचा आहे, त्यांनी पाठीवर ओझं घेतलेल्या माणसाकडे कसं बघावं हे वेगळं शिकवायला नको.

महाभारतातही पांडव शेवटी हिमालयाच्याच वाटेने गेले. युधिष्ठिरासाठी स्वर्गाचं दार उघडलं, पण बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून तो आत जाईना. वाटेत जो आपल्याबरोबर चालला, त्याला बाहेर ठेवून मिळणारा स्वर्ग त्याने नाकारला.

तिबेटी लोकांची एक रीत इथे सांगावीशी वाटते. कुठलीही साधना झाली की शेवटी ते तिचं पुण्य सर्व प्राणिमात्रांच्या नावाने देऊन टाकतात. कोरा करतानाही तीच भावना. मग पुण्य पूर्ण मिळालं की अर्धं, हा हिशेबच उरत नाही, कारण ते आपल्याजवळ ठेवायचंच नसतं. कैलासाच्या माथ्यावर आजवर कोणी गिर्यारोहक चढल्याची नोंद नाही. जगातली सर्वांत उंच शिखरं चढलेल्या राइनहोल्ड मेस्नर यांना १९८० च्या दशकात तशी संधी मिळाली होती, त्यांनी ती नाकारली. चढण्याची ताकद असून थांबणं, हाही नमस्कारच आहे.

आपल्यातल्याच एक भगिनी काही वर्षांपूर्वी डिरापुकच्या मुक्कामावरून परत फिरल्या होत्या. रात्रभर डोकं फुटत होतं, सकाळी पाय लटपटले. गाइड म्हणाला, खाली. नवरा आणि दीर पुढे गेले. एका तिबेटी पोनीवाल्याने त्यांना दिवसभरात खाली आणलं. भाषा एकमेकांना येत नव्हती. त्याने स्वतःचा जाड कोट काढून यांच्या गुडघ्यांवर टाकला, आणि दर थोड्या वेळाने वळून नुसती मान हलवून विचारत राहिला, ठीक ना? त्या सांगतात, “दोन दिवसांनी घरचे परिक्रमा करून आले तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या पाया पडून घेतलं. मला कोणी काही विचारलं नाही. मला मात्र त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं, त्याची चुटपुट आहे.” परिक्रमा राहिली याची चुटपुट त्यांना आता वाटत नाही का, असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, “वाटते. खोटं कशाला बोलू?”

हे उत्तर आम्हाला मोलाचं वाटलं. योग्य ते केलं म्हणून दुःख होत नाही असं नसतं. परत फिरणारा माणूस खरोखर काहीतरी सोडून येतो. म्हणूनच त्याच्या पाया पडायला हवं.

एक गोष्ट मात्र आमच्याने सुटली नाही, ती तशीच तुमच्यापुढे ठेवतो. पोर्टर राजीखुशीने येतो, असं आपण म्हणतो. पण घरची चूल त्याच मजुरीवर पेटत असेल, तर त्याच्या ‘हो’ मध्ये खुशी किती आणि गरज किती? सुरतेत यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहिलेल्या आपल्या घरातल्या पुरुषांना हा प्रश्न आमच्यापेक्षा जास्त कळेल. यात्रेकरू एकट्याने हे बदलू शकत नाही. पण ज्याचं ‘हो’ गरजेतून आलेलं असतं, त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते. एवढं तरी निश्चित म्हणता येईल.

आणि आता जरा घराकडे बघू, कारण ही सगळी चर्चा आम्ही स्वयंपाकघरात बसून केली आहे. घरातले चार जण यात्रेला जातात तेव्हा एक जण मागे राहतं. सासूबाईंची औषधं, मुलांचे डबे, दुकानावरचा फोन, देवाचा दिवा, हे सगळं वीस-पंचवीस दिवस कोणीतरी वाहत असतं. बहुतेक ती घरातली सून असते, किंवा लग्न न झालेली नणंद. तिला ना हवा विरळ लागते, ना तिचा फोटो ग्रुपवर येतो. यात्रेहून आलेल्यांना हार घालतात, आणि त्या कार्यक्रमाचा चहा तीच करत असते. पोनीवाल्याचं नाव न विचारण्याची सवय आपल्याला हिमालयात लागलेली नाही. ती आपण घरूनच बरोबर नेतो.

ताईंच्या फॉर्मचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यांनी गोळीचं नाव लिहिलं. डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, सहा महिने रोज चाला, वजन उतरवा, मग बघू. टूरवाल्यांनीही या हंगामात नाही असं कळवलं. ताई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. आता पहाटे चालायला जातात. पुढच्या वर्षी परवानगी मिळेल की नाही, आज सांगता येत नाही. मिळाली तर फक्त मानसरोवराचं दर्शन आणि यमद्वारापर्यंत, परिक्रमा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आहे.

आम्हा सेवेकरी बहिणींना यातून जे सुचलं ते थोडक्यात लिहितो. कैलास असो, लडाख-स्पितीची सहल असो, गिरनार असो, घरात बसून यावर एकदा बोलावं.

१) फॉर्ममध्ये आजार आणि औषधं पूर्ण लिहावी. नाव कापलं गेलं तर ती सूचना समजावी.

२) निघण्याआधीच घरात ठरवावं की गाइडने परत फिरा म्हटलं तर फिरायचं, आणि आजाऱ्याबरोबर घरातलं एक जण परतेल. तिथे गेल्यावर हे ठरत नाही.

३) सामान घरी काट्यावर ठेवावं. नेपाळात ट्रेकिंगच्या पोर्टरसाठी ३० किलोची मर्यादा मानतात. त्यात आपल्यासारख्या दोघातिघांचं सामान आणि त्याचं स्वतःचंही असतं, हे लक्षात ठेवून वस्तू कमी कराव्या.

४) टूर ठरवताना विचारावं, पोर्टरचा विमा आहे का, त्याच्या अंगावर थंडीचे कपडे असतात का, तो रात्री झोपतो कुठे, आजारी पडला तर त्याला खाली कोण आणतं. चार ग्राहकांनी विचारलं की पाचव्या वेळी टूरवाला स्वतःहून सांगतो.

५) पहिल्या दिवशी त्याचं नाव विचारावं, आपलं सांगावं. ‘ताशी देलेक’ हा तिकडचा शुभेच्छेचा नमस्कार पाठ करून जावा. डब्यातला खाऊ त्याच्याबरोबर खावा.

६) परत आलेल्यांचा सत्कार असेल तेव्हा वाटेतून परतलेल्याचा आणि घरी मागे राहिलेल्याचा हार आधी आणावा.

यांतलं काही चुकीचं वाटलं तर आपल्या केंद्रातल्या सेवेकऱ्यांना जरूर सांगा, आम्ही पुन्हा विचार करू. आपल्या ओळखीतले जे कोणी कैलासाला जाऊन आले असतील, त्यांना एकच विचारून बघा: बरोबरच्या पोनीवाल्याचं नाव काय होतं? नाव आठवत असेल त्यांनी ते आम्हाला कळवावं. पुढच्या गुरुवारी सामूहिक प्रार्थनेत यात्रेकरूंच्या नावांबरोबर तीही नावं घ्यायचं आम्ही ठरवलं आहे.

सर्वांचं मंगल होवो.

आपल्या सेवेकरी भगिनी,
सुरत